७२ वर्षांची गायिका, २८ वर्षांचा निर्माता

अल्बम : ‘व्हॅन लिअर रोझ’, एप्रिल २००४

गायिका : लोरेटा लिन (१९३२–२०२२). केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, कंट्री संगीतातली मानाची गायिका.

निर्माता : जॅक व्हाइट (जन्म १९७५). डेट्रॉइटचा रॉक गिटारवादक. त्याच्या ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या बँडने २००१चा अल्बम लिन यांनाच अर्पण केला होता.

नावामागे काय? व्हॅन लिअर ही केंटकीतली खाणकामगारांची वस्ती. लिन यांचे वडील तिथल्याच खाणीत राबले. शीर्षकगीत लिन यांच्या आईवर आहे.

ध्वनिमुद्रण : नॅशव्हिलमध्ये, चकचकीत स्टुडिओऐवजी एका घरात, आठ ट्रॅकच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रावर. त्यामुळे आवाजातला खरखरीतपणा जसाच्या तसा राहिला.

कान देऊन ऐका : ‘पोर्टलंड, ओरेगन’. आधी मिनिटभराहून अधिक काळ फक्त वाद्यं तापत जातात, मग लिन यांचा खणखणीत सूर येतो आणि पाठोपाठ व्हाइटचा. ‘लिटल रेड शूज’मध्ये तर त्या गातच नाहीत, लहानपणीची लाल बुटांची आठवण सांगतात आणि वाद्यं मागून हलकेच साथ देतात.

मोठेपण कशात? तरुण निर्मात्याने ज्येष्ठ गायिकेला नव्या फॅशनचे कपडे चढवले नाहीत. शब्द लिन यांचे, बोलीही त्यांचीच. व्हाइटने त्यांना फक्त रांगड्या गिटारची जोड दिली.

सन्मान : २००५मध्ये दोन ग्रॅमी, सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम आणि ‘पोर्टलंड, ओरेगन’साठी सर्वोत्कृष्ट कंट्री सहगायन.