सुईदोऱ्याचा निषेध

शिवणे आणि विणणे ही एरवी घरातली, फारशी कोणाच्या डोळ्यांवर न येणारी कामे. संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमाच्या बायका उशीवर दोरे ताणून जरीची तल्ली, म्हणजे कपड्याला लावायची पट्टी, गुंफतात, महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांची गोधडी होते. त्यात कोणाला राजकारण दिसत नाही. पण सत्तेने कापडाचा धंदा मुठीत घेतला किंवा लोकांची तोंडे बंद केली, की हेच काम निषेधाचे हत्यार बनते.

महाराष्ट्रात त्याची सुरुवात अंगावरच्या कपड्यापासून झाली. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी १८७२ मध्ये स्वदेशीचे व्रत घेतले. ते स्वतः सूत कातत. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिक भरजरी पोशाखात मिरवत होते; सभेचे प्रतिनिधी म्हणून गेलेले काका मात्र खादी नेसून हजर झाले. गांधीजींच्या चरख्याच्या कितीतरी आधीची ही घटना आज फार थोड्यांना माहीत असावी, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे चीड वाढायला कारणही मिळाले. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांच्या मालाला झळ बसू नये म्हणून सरकारने १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. १९२३ मध्ये नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला मनाई झाली, तेव्हा सत्याग्रहींच्या तुकड्या झेंडा घेऊन निघत राहिल्या आणि तुरुंगात जात राहिल्या. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राण दिले.

प्रत्यक्ष सुईने निषेध नोंदवण्याचे ठळक उदाहरण चिलीचे. १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसे पकडली गेली, अनेकांचा ठावठिकाणा लागला नाही. त्यांच्या आया-बायका सँतियागोत चर्चच्या आश्रयाने एकत्र बसू लागल्या. गोणपाटावर चिंध्या जोडून त्या चित्रे शिवत: तुरुंग, रिकामी खुर्ची, अन्नासाठीची रांग. काहींनी बेपत्ता माणसाच्याच कपड्याचे तुकडे वापरले. मागच्या बाजूला कधी छोटा खिसा असे आणि त्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी. ‘आर्पियेरा’ नावाची ही चित्रे लपवून परदेशी पोहोचवली गेली. वृत्तपत्रांवर पहारा होता, त्या काळात चिलीची हकिकत जगाला कळली त्यात या चिंध्यांचा मोठा वाटा आहे.

पॅलेस्टाइनमध्ये झेंडा फडकवण्यावर इस्रायलची बंदी असताना, १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे जनतेच्या उठावात, बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशे झग्यांवर भरले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरली गेली. तिचे तुकडे होते १,९२० आणि प्रत्येकाचे माप होते तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे जवळपास थडग्याएवढे. एड्सबाबत उदासीन राहिलेल्या सरकारला मृतांची संख्या तिथे पायाखालच्या जमिनीवर मोजता येत होती.