विश्लेषण : कामगारांना कायदा कोण शिकवणार? शिरोळसारख्या तालुक्यात ‘कामगार शिक्षण व संशोधन केंद्र’ कसे चालेल?

केंद्र सरकारने 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू केल्या आणि 29 जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात ऊस गाळपाचा हंगाम सुरू होता. शिरोळ तालुक्यात फडात कोयता, कारखान्यात बॉयलर आणि यड्रावच्या पार्वती औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग चालू होते. या तिन्ही ठिकाणच्या कामगारांच्या पगारावर, सुट्टीवर आणि ग्रॅच्युइटीवर नव्या संहितांचा परिणाम होणार आहे. पण त्यांना हे समजावून सांगायचे कोणी? मालकाकडून ती अपेक्षा नाही, मुकादमाला त्यात रस नाही. कामगार अधिकारी कार्यालयाची माणसे सगळीकडे पोहोचू शकत नाहीत, आणि युनियन सगळीकडे नाही.

जगात या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. कॉलेजातच कामगारांसाठी शिक्षण आणि संशोधनाचा विभाग चालवायचा. तो नेमका काय करतो, महाराष्ट्रात त्याची परंपरा आहे का आणि शिरोळसारख्या तालुक्यात त्याच्या प्रमुखाला काय काय करावे लागेल, हे पाहू.

असे केंद्र म्हणजे काय?

अमेरिकेतील सिएटल शहरात साउथ सिएटल कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज आहे. आयटीआय आणि स्थानिक महाविद्यालय यांचे मिश्रण म्हटले तर जवळ जाते. वॉशिंग्टन राज्याचे कामगार शिक्षण व संशोधन केंद्र इथे चालते. 1987 मध्ये ते दुसऱ्या एका कॉलेजात सुरू झाले आणि 2010 मध्ये इथे आले. ज्या आवारात प्लंबर, सुतार, वायरमन होऊ पाहणारी मुले शिकाऊ प्रशिक्षण घेतात, तिथेच कामगारांना तक्रार कशी लिहायची, वाटाघाटीला कसे बसायचे, सुरक्षिततेचे नियम कोणते, हे शिकवले जाते. दुसरी बाजू संशोधनाची. कोणत्या व्यवसायात किती पगार मिळतो, पैसे कुठे बुडवले जातात, अपघात कशामुळे होतात, याचे अहवाल निघतात.

भारतातही कम्युनिटी कॉलेजे आहेत. पहिले 1995 मध्ये पुदुच्चेरी विद्यापीठाने सुरू केले. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी स्वतंत्र योजना आणली. मात्र आपल्याकडे भर राहिला तो कौशल्यावर. वेल्डिंग, टॅली, फूड प्रोसेसिंग, रुग्णसेवा असे कोर्स. मुलगा वेल्डिंग शिकून बाहेर पडतो, पण पहिल्या नोकरीत नियुक्तिपत्र मागायचे असते हे त्याला कोणी सांगत नाही. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे.

महाराष्ट्रात हे नवे आहे का?

अजिबात नाही. उलट देशातील या कामाची सुरुवातच बरीचशी इथली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या आणि आणखी एक होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी मिळाली. आजच्या वेतन संहितेत मासिक पगारासाठी 7 तारखेची मुदत आहे. म्हणजे 140 वर्षांत मागणी आठ दिवस अलीकडे आली. ती प्रत्यक्षात किती पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या बँकेच्या मेसेजवरून ठरवावे.

ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने 1911 पासून मुंबईत कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. 1947 मध्ये मुंबई सरकारने परळला कामगार संस्था उभी केली. तीच आज नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

पण सर्वांत मोठा प्रयोग नागपुरातून झाला. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नेमलेल्या तज्ज्ञ गटाच्या शिफारशीनंतर 1958 मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपूरला ठेवले गेले. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आता या मंडळाला आहे. मंडळाची पद्धत तीन पायऱ्यांची होती. आधी शिक्षणाधिकारी तयार करायचे, मग त्यांनी कारखान्यांतून निवडलेल्या कामगारांना ‘कामगार शिक्षक’ बनवायचे, आणि या कामगार शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात सहकाऱ्यांचे वर्ग घ्यायचे. शिकवणारा बाहेरचा साहेब नसून शेजारच्या मशीनवरचा माणूस, ही यातली ताकद होती. 1970 च्या दशकात ग्रामीण कामगारांसाठीही शिबिरे सुरू झाली.

या पद्धतीची मर्यादाही तिथेच आहे. कामगार शिक्षक तयार व्हायला कारखाना लागतो, हजेरीपट लागतो. मालकाने त्याला सुट्टी द्यावी लागते. उसाच्या फडात यातले काहीच नसते.

शिरोळमध्ये शिकवायचे काय?

तालुक्याचा नकाशा पाहिला तर लक्षात येते की ‘कामगार’ हा इथे एकच माणूस नाही. कारखान्याचा कायम कामगार, हंगामी कामगार, ऊसतोड टोळी, वाहतूकदाराचा ड्रायव्हर, यंत्रमागाचा कामगार, वीटभट्टीवरचे कुटुंब, भांगलणीला जाणाऱ्या बायका. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा.

ऊसतोडणीपासून सुरुवात करू. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मजुरी टनावर मिळते आणि हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. जानेवारी 2024 मध्ये तोडणी मजुरीत 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला 273 रुपयांवरून सुमारे 366 रुपयांवर गेला. आता उदाहरणादाखल हिशेब करा. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि रोज दोन टन ऊस तोडला, तर दिवसाला 732 रुपये होतात. उचल फिटायला सुमारे 273 टन तोडावे लागतात, म्हणजे जवळपास 137 दिवस. मध्ये एकही खाडा नाही, आजारपण नाही आणि किराण्याचा खर्चही धरलेला नाही. कारखान्याचा हंगाम त्याआधीच संपला तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या नावावर चढते. हा हिशेब कोपीसमोर खडूने मांडला, तर तो कायद्याच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो.

कारखान्याच्या हंगामी कामगाराचा धडा निराळा. ग्रॅच्युइटी म्हटले की दर वर्षाला 15 दिवसांचा पगार हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. पण हंगामी आस्थापनेत, वर्षभर कामावर नसलेल्या कामगाराला दर हंगामाला 7 दिवसांचे वेतन या दराने ग्रॅच्युइटी मिळते. 20 हंगाम काम केलेल्या माणसासाठी हा फरक निम्म्याहून मोठा आहे. आपण ‘हंगामी’ आहोत की कागदावर हंगामी आणि प्रत्यक्षात बारमाही, हे तपासायला हजेरीची नोंद लागते. ती जपून ठेवायला निवृत्तीच्या वर्षी नव्हे, पहिल्या हंगामातच शिकवावे लागते. नव्या संहितेनुसार मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या किमान निम्मा असायला हवा, त्यामुळे पगारपत्रकाची मांडणीही बदलते. निश्चित मुदतीच्या कंत्राटावरील कामगाराला आता एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

यड्राव-इचलकरंजी पट्ट्यातल्या यंत्रमाग कामगाराची मजुरी ठरते पिकावर आणि मीटरवर. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे किती धागे. 52 पिकाचे कापड असेल तर एका मीटरला सुमारे 2047 धागे पडतात. माग मिनिटाला 120 धागे टाकतो असे धरले, तर 12 तासांच्या पाळीत, एकही धागा न तुटता, एका मागावर जेमतेम 42 मीटर कापड निघते. पीक वाढले की मीटर कमी होतात. दर त्याच प्रमाणात वाढला नाही तर मजुरी गुपचूप घटते. कामगाराला हे अंगवळणी माहीत असते, पण दिवाणजीसमोर कागदावर मांडता येत नाही. मांडता येणे हेच शिक्षण.

आणि संशोधन कशासाठी?

कारण आकडा असल्याशिवाय सरकार हलत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जातात, ही कुजबुज अनेक वर्षे होती. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर 82 हजार 309 महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली आणि त्यांतील 13 हजार 861 जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले, तेव्हा तो विधिमंडळाचा विषय झाला. याच महिला दर हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या फडांत येतात. मोजणी झाली ती गावाकडे. कामाच्या ठिकाणी, पहाटे चारला उठून मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवताना त्यांच्या शरीराचे काय होते, हे मोजायची जागा शिरोळसारखा तालुका आहे.

संशोधन म्हणजे दर वेळी सर्वेक्षणाचा फॉर्म असेही नाही. सीमेपलीकडे निपाणीत तंबाखू वखारींतील महिलांनी 1980 च्या सुमारास संघटना बांधली. त्यांच्यासोबत राहून दीपा धनराज आणि युगांतर गटाने 1982 मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. वखारीतली धूळ, वजनातली फसवणूक, मुकादमाची भाषा हे सगळे बायकांनीच सांगितले. आज चाळीसहून अधिक वर्षांनी निपाणीच्या तंबाखू कामगारांवर बोलायचे तर हाच दस्तऐवज हाताशी येतो.

कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी हेच काम वेगळ्या वाटेने केले. ते कामगारांचे वकील होते. त्यांनी श्रमिक प्रतिष्ठान उभे केले, व्याख्यानमाला चालवली, स्वस्त पुस्तिका काढल्या. कोर्टातला युक्तिवाद सामान्य माणसाच्या भाषेत आणण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांची हत्या झाली.

प्रमुखाने काय करायचे?

अशा केंद्राचा प्रमुख अर्धा शिक्षक आणि अर्धा संशोधक असतो, असे म्हणतात. प्रत्यक्षात तो बराचसा व्यवस्थापकही असतो आणि तिथेच खरी कसोटी लागते.

पहिला प्रश्न पैशाचा. तालुक्यातील शिक्षणसंस्था आणि साखर कारखाने यांची नेतृत्वे अनेकदा एकाच राजकीय वर्तुळातली असतात, हे पश्चिम महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. ज्या संस्थेच्या आवारात वर्ग भरतो, तिच्याच जवळच्या कारखान्यातील कंत्राटी कामगारांचा अहवाल काढायचा झाला तर? म्हणून निधी एका स्रोतावर अवलंबून नको आणि अहवाल छापण्याचा अधिकार केंद्राकडे आहे हे आधीच लेखी हवे. सल्लागार मंडळात कारखान्याचा प्रतिनिधी जरूर असावा, एकापेक्षा जास्त युनियनचे लोकही असावेत. एकाच झेंड्याखाली गेले की बाकीचे कामगार वर्गाला येत नाहीत. मालकानेही तिथे बसावे, कारण सुरक्षिततेचा वर्ग त्याच्याही फायद्याचा असतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. 12 तासांची पाळी करणारा माणूस संध्याकाळी सहाला वर्गात येणार नाही. पाळी बदलताना मिळणारी चाळीस मिनिटे, बाजारच्या दिवशी दुपार, टोळीसाठी गाडी खाली होईपर्यंत कारखान्याच्या यार्डात जाणारे तास, हे खरे वेळापत्रक. ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत यार्डात रात्र काढतात. तिथे पन्नास ड्रायव्हर एका जागी सापडतात.

तिसरा प्रश्न शिकवणाऱ्याचा. नागपूरच्या मंडळाची जुनी कल्पना इथे उपयोगी पडते. टोळीतली लिहिता-वाचता येणारी मुलगी, निवृत्त जॉबर, कारखान्यातला जुना टाइमकीपर यांना मानधन देऊन कामगार शिक्षक करता येईल. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील समाजशास्त्र, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. तेच ते विषय दर वर्षी फिरवण्यापेक्षा ‘यड्रावच्या मागांवरील अपघात’ किंवा ‘पुराच्या महिन्यात बुडालेली मजुरी’ मोजता येईल. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुक्यात घरांचे, पिकांचे, जनावरांचे पंचनामे झाले. शेतमजूर बाईच्या बुडालेल्या हजेरीचा पंचनामा करण्याची पद्धतच नाही.

कामगाराने आत्ता काय करावे?

केंद्र उभे राहण्याची वाट पाहायची गरज नसलेल्या काही गोष्टी आहेत. असंघटित कामगाराने ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी; वयाची अट 16 ते 59 आहे आणि मदत क्रमांक 14434. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केले असेल तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी वेगळी करावी लागते. नियुक्तिपत्र मागावे. कामावरून काढले किंवा स्वतः सोडले, तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब मिळायला हवा. टोळीने उचल, रोजचे टन आणि कपात यांची स्वतःची वही ठेवावी आणि दर आठवड्याला तिचा फोटो काढून ठेवावा. वही भिजते, हरवते; फोनमधला फोटो तारखेसह राहतो.

वर्गाचे वार्षिक वेळापत्रक मात्र कारखान्याच्या भोंग्यावरच ठरेल. गाळप संपले की टोळ्या बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडे निघतात आणि शिरोळचे विद्यार्थी शेकडो किलोमीटर लांब जातात. दिवाळीनंतर परत येतात ते नवी उचल घेऊनच. म्हणजे उचलीच्या करारावर सही होण्याआधीचा वर्ग शिरोळला नाही, त्यांच्या गावात भरवावा लागेल.