सेवा करणारीच्या तब्येतीचे काय?

आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत. घरटी एक माणूस फौजेत, ही कित्येक गावांची जुनी रीत. साहजिकच लढाईत, सीमेवर किंवा नोकरीतल्या अपघातात जायबंदी होऊन घरी आलेले जवानही आपल्यात आहेत. आज मी त्यांच्या घरातल्या दुसऱ्या माणसाविषयी लिहिणार आहे. ती बहुधा पत्नी असते, कधी आई, कधी सून.

मणक्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाची सेवा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. एकाच कुशीवर पडून राहिले की माकडहाड, खुबे, टाचा येथील कातडी दबते, तेथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. संवेदनाच नसल्याने रुग्णाला दुखतही नाही. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. शिवाय लघवीची नळी, शौच, अंघोळ. वर्षानुवर्षे सलग झोप न मिळालेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

अशाच एका माजी सैनिकाच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांचा रक्तदाब घेऊन झाल्यावर पट्टा पत्नीच्या दंडाला बांधला. ‘मला काय धाड भरलीया, डॉक्टरसाहेब?’ म्हणाल्या. रक्तदाब निघाला १८०/११०. नवऱ्याला उचलून कंबर धरलेली, म्हणून दोन वर्षे दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज चाललेली. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडेही बिघडू शकतात. गोळी बंद केली, रक्तदाबाचे औषध सुरू केले. पण खरा उपाय दिराने केला. मंगळवार आणि शनिवारची रात्र त्याने आपल्याकडे घेतली.

उचलण्याचीही पद्धत आहे. काखेत हात घालून ओढू नका. जाड चादर दुहेरी करून रुग्णाच्या खाली घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. वाकायचे ते गुडघ्यात, कमरेत नव्हे. पलंग आणि चाकाची खुर्ची एका उंचीची करून घ्या. गावातला सुतारही हे काम करून देईल.

एक धोका मात्र घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा. इजा छातीच्या मधल्या मणक्यांच्या वर असेल आणि एकाएकी डोके फुटेल असे दुखू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर रुग्णाला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा आणि लघवीची नळी पिळली किंवा तुंबली आहे का ते पाहा. रक्तदाब भयंकर वाढलेला असतो. लगेच उतार पडला नाही तर तडक दवाखाना गाठा.

आता पैशाचे. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ साली सुरू झाली. तिच्यात पत्नीलाही उपचार मिळतात; कितीतरी बायका ते कार्ड स्वतःसाठी वापरतच नाहीत. अपंगत्व शंभर टक्के ठरले असेल आणि वैद्यकीय मंडळाने सतत सोबतीला माणूस हवा अशी शिफारस केली असेल, तर पेन्शनबरोबर ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ हा वेगळा भत्ता मिळू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. हे पैसे बहुधा मुलांच्या फीमध्ये जातात. दोष कुणाला देणार? तरी त्यातून आठवड्याचे काही तास तरी मदतीला माणूस ठेवावा, असे माझे मत आहे.

गावाने २६ जानेवारीला शाल-नारळ जरूर द्यावा. पण त्या बाईला भावाच्या लग्नाला दोन दिवस माहेरी जाता येईल, अशी सोय किती गावांनी केली?

‘सुटावं एकदाचं’ असे मनात येते आणि मग त्याचीच लाज वाटते, असे या बायका एकट्यात सांगतात. हे पाप नव्हे, हा थकवा आहे. मात्र झोप उडाली, जेवण जाईनासे झाले, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.