दोन बंदुकांच्या मधलं मन

१९८० च्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी शिरले. मागोमाग पोलीस आले. मधे सापडला माडिया गोंड. रात्री बंदूकवाल्यांना जेवू घातलं, तर सकाळी चौकशी; पोलिसांशी बोललं, तर ‘खबऱ्या’ ठरून जिवाला धोका.

वर्षानुवर्षे अशा धाकात जगणाऱ्याची झोप उडते. छाती धडधडते, अंग दुखतं, जेवण जात नाही. कुणी बोलणंच सोडतं, कुणी दारू जवळ करतं. हा भित्रेपणा नाही, बाहेरची बाधाही नाही. त्रास आठवडेच्या आठवडे राहिला, तर तो आजार समजावा. त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने संघर्षाच्या भागात पाचांत एकाला मानसिक आजार असतो.

पण आतलं दुःख माडियात सांगायचं, अन् डॉक्टर विचारणार मराठीत! म्हणून आम्हाला वाटतं, या कामात त्यांची भाषा बोलणारी, त्यांच्याच गावची माणसं हवीत.

आपल्या वस्तीतही भीतीने झोप उडालेलं कुणी असेल. त्याला ‘विसर आता’ म्हणू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. तो भिंतीवर लिहून ठेवूया.