ऊसतोडीत हातांवर येणारा ताण कसा मोजावा?

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात आणि मजुरी टनावर मिळते. वाकून बुडख्यावर घाव घालणे, पाचट काढणे, वाढे तोडणे, मोळी बांधणे या सर्व कामांत हातांवर ताण येतो. तो मोजण्याच्या दोन पद्धती पाहू.

१. रुला
लिन मॅकअ‍ॅटॅम्नी आणि नायजेल कॉर्लेट यांनी ही पद्धत १९९३ मध्ये मांडली. काम पाहून प्रत्येक अवयवाच्या स्थितीला गुण देतात. अंतिम गुण १ ते ७ असतो. १-२ म्हणजे स्थिती स्वीकारार्ह, तर ७ म्हणजे तातडीने बदल आवश्यक.

उदाहरण: घाव घालताना दंड ६०° पुढे आहे (३ गुण), कोपर ७०° वाकलेले आहे (१), मनगट २०° वाकून बाजूला झुकलेले आहे (४) आणि हाताला फारसा पीळ नाही (१), असे समजा. तक्त्यानुसार या चारांचा मिळून गुण ५ येतो. मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा तीच हालचाल होते, म्हणून १ आणि घावाचा हिसका बसतो, म्हणून ३ मिळवा. हाताचा गुण ९ झाला. मान थोडी वाकलेली, धड ६०° पेक्षा जास्त वाकलेले आणि हालचाल सतत होणारी, म्हणून मान, धड व पाय यांचा गुण ६. अंतिम गुण ७.

आता मूठ सुधारून हाताची स्थिती अगदी आदर्श केली, तर ५ ऐवजी १ गुण मिळेल. हाताचा एकूण गुण ९ वरून ५ वर येईल. तरीही अंतिम गुण ७ च राहतो! साखरेचे प्रमाण उसाच्या खालच्या भागात जास्त असते. त्यामुळे ऊस जमिनीलगत तोडावा लागतो आणि वाकणे टळत नाही.

शिवाय रुला एका क्षणाची स्थिती टिपते. दोन तासांचे काम आणि दहा तासांचे काम यांतील फरक तिच्यात दिसत नाही.

२. स्ट्रेन इंडेक्स
मूर आणि गर्ग यांच्या १९९५ च्या या पद्धतीत सहा घटकांचे गुणक एकमेकांशी गुणतात: जोर, जोर लावण्याचा काळ, मिनिटातील जोराची वारंवारता, मनगटाची स्थिती, कामाचा वेग आणि रोजचे तास. मिनिटाला २० किंवा जास्त घाव असतील तर गुणक ३, ९ ते १४ असतील तर १.५. रोज आठ तास वा अधिक काम असेल तर गुणक १.५, चार ते आठ तास असेल तर १. म्हणजे घाव १२ वर आणि काम सहा तासांवर आणले, तर इतर घटक तेच असताना निर्देशांक एक-तृतीयांश होतो.

पण मजुरी टनावर असल्याने घाव किंवा तास कमी केले की कमाईही घटते. धारदार कोयत्याने एका उसाला कमी घाव लागतात, म्हणून धार लावण्याची सोय हा कमाई न घटवणारा उपाय आहे. तास कमी करायचे असतील, तर टनामागचा दर वाढवावा लागेल. म्हणून ऊसतोडीचे मूल्यमापन करताना कोनांबरोबर घावांची संख्या, कामाचे तास आणि मजुरीची पद्धत यांचीही नोंद करावी.