बंड्याचं घमेलं

रविवारची सकाळ, हातात चहाचा कप, आणि मी हा असला विषय काढणार! लिहावं की नाही, म्हणून बरेच दिवस घुटमळत होते. पण घरात तान्हं मूल असो, म्हातारं माणूस असो की मांजर, 'आज झाली का?' हा प्रश्न कोणत्या घराला चुकला आहे? आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात तो विचारायचा राहून गेला. बंड्याच्या जिवावरच बेतलं होतं.

बंड्या हा आमचा बोका. पिवळा-पांढरा, साडेपाच किलोंचा, वय वर्षं नऊ. भर पावसात जिन्यात कुडकुडणारं पिल्लू आमच्या मुलीनं ओढणीत गुंडाळून घरात आणलं होतं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, बंड्या मात्र माहेरीच राहिला. आमच्याकडे मासे-मटण शिजत नाही. त्यामुळे त्याचं जेवण म्हणजे दुकानातून आणलेला कोरडा खाऊ. वाटीत ओतला की आपलं कर्तव्य संपलं, अशी माझी समजूत.

मार्चमध्ये सासूबाई घरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना कमोडची खुर्ची लागणार होती. बाथरूमच्या कोपऱ्यात बंड्याचं वाळूचं घमेलं असे, ते उचलून मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवलं. घमेलं साफ करण्याचं कामही कामवाल्या मावशींकडे गेलं. म्हणजे रोज सकाळी नाक मुरडत का होईना, पण मी जे बघत होते, ते बघणं थांबलं.

एप्रिल उजाडला आणि बंड्याला पिसवा झाल्या. दिवसभर आपलं अंग चाटत बसायचा. एका रात्री पलंगाखालून खाकरण्याचा असा काही आवाज आला की हे दचकून उठले. बॅटरी लावून बघतो तर बंड्यानं बोटाएवढी लांबट, ओली, केसांची सुरळी ओकून टाकली होती. ''झालं, पोट साफ झालं,'' असं म्हणून आम्ही दिवा मालवला.

पोट साफ झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं खाणं निम्मं टाकलं, तिसऱ्या दिवशी वाटीकडे ढुंकून बघितलं नाही. घमेल्यात जाऊन बसायचा, कुंथायचा, केविलवाणं ओरडून बाहेर यायचा. मला वाटलं, उन्हाचा त्रास. आई मात्र पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, ''अगं, ह्याला होत नाहीये. तीन दिवस झाले.''

''तुम्हाला कसं कळलं, आई?''

''कळतं मला,'' एवढंच बोलून त्यांनी कूस बदलली.

आता उपाय! आईंच्या कपाटात एरंडेलाची बाटली होतीच. आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोटानं तिचा प्रसाद घेतलेला. ह्यांनी बंड्याला टॉवेलात गुंडाळून धरलं, मी चमचा पुढे केला. त्या अशक्त जिवानं असा काही पंजा मारला की चमचा एकीकडे, तेल दुसरीकडे आणि माझ्या मनगटावर तीन रेघा. मनगट धुता धुता मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ''काहीही पाजू नका. आहे तसा घेऊन या.''

दवाखान्यात त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अनपेक्षित होता. ''लघवी होतेय का?'' मला सांगता येईना. नऊ वर्षं सांभाळलेलं मांजर, आणि एवढं साधं उत्तर माझ्याकडे नव्हतं! डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय मऊ होतं. ''नशीब,'' ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, तो तुंबला तरी बोका असाच कुंथत बसतो. माणसांना वाटतं, मलावरोध आहे. पण तुंबलेली लघवी दिवस-दोन दिवसांत जीव घेऊ शकते. म्हणून बोका कुंथतोय आणि वाळू कोरडी आहे असं दिसलं, तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

मग एक्स-रे झाला. आतड्याच्या शेवटच्या भागात कडक खडे माळेसारखे ओळीनं बसले होते. आधी सलाईन दिलं, मग गुंगीचं औषध आणि बेतानं एनिमा. बंड्या ती रात्र दवाखान्यातच राहिला. निघालेले खडे डॉक्टरांनी मला मुद्दाम दाखवले. प्रत्येकात केस, नमदा बनवावा तसे घट्ट बसलेले.

घरी आल्यावर मी विचार करत बसले, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी एकेक करून जुळत गेल्या. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. चाटताना सुटलेला केस त्यात अडकतो, आणि तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. एरवी बहुतेक केस विष्ठेतून निघून जातात, थोडे ओकून पडतात. क्वचित एखादी सुरळी पडली तर घाबरायचं कारण नाही. पण अंगावर पिसवा असल्या की चाटणं वाढतं आणि पोटात जाणारे केसही वाढतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. मांजराचे पूर्वज कोरड्या, रखरखीत प्रदेशातले. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बरंचसं पाणी मिळे, म्हणून मांजराला तहान बेताचीच. उंदरात पाणी सुमारे 70 टक्के, कोरड्या खाऊत जेमतेम 10. बंड्याची पाण्याची वाटी खाऊच्या वाटीला चिकटून ठेवलेली, आणि तेही पुष्कळ मांजरांना आवडत नाही. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं. मग खडे होणार नाहीत तर काय?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली, ती त्या घमेल्याची. धुण्याचं मशीन घरघरायला लागलं की बंड्या गॅलरीतून पळून जायचा. त्यानं सोय बदललेली मुकाट्यानं सोसली आणि दाबून धरलं.

घरगुती उपायांबद्दल डॉक्टरांनी कान उपटले. एरंडेल मांजराला देऊ नये. पातळ तेल जबरदस्तीनं पाजलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दूधही नको, पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही. माणसांसाठी मिळणाऱ्या काही तयार एनिमांत फॉस्फेट असतं, ते मांजराच्या जिवावर उठतं. शरीर आधीच सुकलेलं असताना इसबगोलासारखा चोथा दिला तर उलट जास्त घट्ट बसतं. दोन दिवस शी झाली नाही, मांजर खाईना, किंवा नुसतंच खाकरतंय आणि बाहेर काही पडत नाही, तर दवाखाना गाठायचा. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं.

त्या संध्याकाळी मी हे सगळं आईंना सांगत होते. त्या ऐकत होत्या. मग हलकेच म्हणाल्या, ''मीसुद्धा पाणी कमीच पिते गं. रात्री उठायचं म्हटलं तर तुम्हा दोघांना उठवावं लागतं. आणि ती खुर्ची... दार नीट लागत नाही. मला पण चार चार दिवस होत नाही.''

मला काय बोलावं ते सुचेना. मांजराला बोलता येत नाही. आईंना येत होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या. आणि मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून बाथरूमच्या दाराची कडी बसवून घेतली. आईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि देवघरातली जुनी घंटा ठेवली. त्यांच्या डॉक्टरांशीही बोलले. बंड्याचं घमेलं आमच्या खोलीच्या शांत कोपऱ्यात आलं. वास येतो थोडा, पण येऊ दे! पिसवांवर औषध झालं. मांजरांसाठी मिळणारा ओला खाऊ सुरू केला, कोरडा दिलाच तर पाण्यात भिजवून. पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली. डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं पातळ औषध दिवसातून दोनदा, आणि त्यांच्या परवानगीनं चमचाभर उकडलेला लाल भोपळा, मीठ-मसाल्याशिवाय. रोज दुपारी आई पलंगावर बसून त्याला ब्रश करतात. ब्रशमध्ये निघालेले केस कागदावर जमवतात आणि मला दाखवतात, ''बघ, एवढे पोटात जाणार होते!''

घमेलं आता मीच साफ करते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, बंड्याच्या नावानं रोज एक बरोबरची खूण होते. आईंनी सांगितलं, ''माझी पण कर गं.'' म्हणून आता दोन खुणा असतात, एक निळ्या पेनानं आणि एक लाल. पाहुणे विचारतात, हे काय? आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसतो, आणि त्यांना चहा देतो.