पाव लिटर, पण रोज

आत्तोबा गेले आणि महिनाभराने मिरजेच्या आत्याने दुधाचा रतीब बंद केला. एकटीला रोज लिटरभर दूध कशाला, दुकानातून पिशवी आणली की दोन-तीन दिवस पुरते, हा तिचा हिशेब. हिशेब चोख होता. पण त्यानंतर तिचं उठणं सहावरून आठवर गेलं, मग साडेनऊवर. आंघोळ दुपारी, जेवण कधी चारला, कधी नुसत्या चहा-बिस्किटांवर. रात्री दोनपर्यंत टीव्ही. फोन केला की विचारायची, "आज वार कोणता गं?"

नातेवाईक म्हणाले, आळसावली. मला ते अजूनही लागतं. भरल्या घरात माणसाला दिवसभर हाका येत असतात: नळाला पाणी आलं, शाळेची रिक्षा आली, कुणाचा डबा भरायचा राहिला. या हाकांवर आपण वैतागतो, पण दिवस उभा राहतो तो त्यांच्याच आधारावर. घर रिकामं झालं, आजारपणाने खोलीत अडकवलं किंवा 2020 सारखी टाळेबंदी आली, की त्या एकदम थांबतात.

मिशेल सिफ्र या तेवीस वर्षांच्या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने 1962 मध्ये हे स्वतःवर अजमावून पाहिलं. आल्प्समधल्या स्कारासन इथल्या खोल, गोठलेल्या गुहेत तो 16 जुलैला एकटा उतरला, घड्याळ न घेता. उठलो, जेवलो, झोपतो, एवढं तो टेलिफोनवरून वर कळवायचा. वरच्यांनी मात्र त्याला वेळ सांगायची नाही, असं ठरलं होतं. 14 सप्टेंबरला त्याला मुक्काम संपल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती 20 ऑगस्ट. पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतून गळाले होते. आणि तरीही नोंदी पाहिल्या तर त्याचं झोपणं-उठणं साधारण साडेचोवीस तासांच्या चक्राने चाललं होतं. मन तारीख विसरलं, शरीराने ताल सोडला नाही.

त्या तालाचं घड्याळ मेंदूत, दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. बहुतेकांचं ते चोवीस तासांहून थोडं सावकाश चालतं, म्हणून रोज पुढे सरकवून लावावं लागतं. लावतो तो मुख्यतः उजेड, त्यातही सकाळचा. घरातल्या दिव्यांचा उजेड दोन-चारशे लक्सच्या आसपास असतो. आभाळ भरून आलेल्या दिवशीही अंगणात काही हजार लक्स मिळतात. डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही, पण घड्याळाला तो कळतो. यकृतासारख्या अवयवांची आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळांकडे कान देतात. आत्याचं चारचं जेवण आणि दोनची झोप ही एकाच दोरीची दोन टोकं होती.

अशा वेळी लोक हौसेने वेळापत्रक करून देतात: पाचला प्राणायाम, सहाला फिरणं, सातला वाचन. माझा त्याला विरोध आहे. दुःखात असलेल्या माणसाच्या हातात दहा ओळींचा कागद दिला की तिसऱ्या दिवशी तो त्याच्या नापासाचा दाखला होतो. त्याहून दोन खुंट्या बऱ्या. पहिली, उठण्याची वेळ. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र ठरवता येतं. आणि ठरल्या वेळी उठून उजेडात बसलं की रात्रीची झोपही हळूहळू मागे येते. दुसरी खुंटी एका माणसाची: रोज ठरल्या वेळी एक आवाज, दोन मिनिटं का होईना.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस, असं सर्रास सांगतात. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नव्हती.

लोकमान्यांचं उदाहरण अशा वेळी हमखास निघतं. मंडालेच्या कैदेत त्यांनी 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहिलं. 1912 मध्ये पत्नी गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. तो धीर मोठाच. पण जेवण न गेलेल्या बाईसमोर तो आदर्श म्हणून ठेवू नये.

आणि दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कशातलाच रस परतत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर खुंट्या पुरत नाहीत, डॉक्टर लागतो. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत मिळते, मराठीतूनही.

आत्याच्या बाबतीत मी एकच केलं. मिरजेला गेले तेव्हा गवळीदादांना गाठून म्हटलं, पाव लिटरच घाला, पण रोज घाला, आणि बेल वाजवून हातात द्या. आत्या माझ्यावर चिडली. पण सव्वासहाला बेल वाजली की पातेलं घेऊन दारात जावंच लागे, आणि दार पूर्वेला आहे.

ऑगस्टमधल्या एका सकाळी साडेसहालाच तिचा फोन आला. कृष्णेला पाणी चढलं होतं, रस्ता बंद होता. "अगं, सव्वासहापासून पातेलं घेऊन उभी आहे, अजून पत्ता नाही त्याचा. आज बुधवार ना? बुधवारी मला खीर करायची होती."